संकोच करू नका

पोस्टडॉकने पंचतारांकित हॉटेलांवर लिहायचं म्हणजे उपवासाच्या दिवशी तांबड्या रश्श्याची कृती सांगण्यासारखं आहे, हे मला मान्य आहे. घराबाहेरच्या माझ्या बहुतेक रात्री ऑक्सफर्डशायरमधल्या डायमंड या सिंक्रोट्रॉनवर जातात. प्रोटीनचे स्फटिक क्ष-किरणांपुढे धरायचे, पहाटे तीनला पाळी संपवायची आणि तिथल्याच अतिथिगृहात मोजेसुद्धा न काढता आडवं व्हायचं. तरीही इंग्लंडात आल्यापासूनच्या अकरा वर्षांत चार वेळा मी खऱ्याखुऱ्या भारी हॉटेलांच्या पायऱ्या चढले आहे. त्यातल्या दोन आठवणी नको वाटणाऱ्या, एक फार गोड. चौथी गोड आहे असं मी वर्षभर समजत होते. ती नेमकी काय आहे हे कळलं, ते उशिरा.

आमच्या डोंबिवलीच्या घरात ‘हॉटेल’ म्हणजे मिसळ खायची जागा. राहायचं ते लॉजवर, आणि लॉजवर राहायची वेळ येऊ नये म्हणूनच तर नातेवाईक असतात, अशी साधारण समजूत. पुण्याला मावशीकडे उतरायचं, नाशिकला बाबांच्या मित्राकडे, पंढरपूर-अक्कलकोटला भक्तनिवासात. यजमानीणबाई ‘संकोच करू नका हं’ म्हणायच्या आणि आपण तो न चुकता करायचा. तिसरी पोळी नको म्हणायची. पहाटे सगळ्यांच्या आधी अंघोळ उरकायची. अंथरुणाच्या घड्या अशा घालायच्या की कोणी झोपलं होतं की नाही अशी शंका यावी. आईचा नियम होता : आपण निघालो की आपण तिथे होतो याची खूण राहता कामा नये. तुमच्याही घरी असाच काही नियम असेल, शब्द वेगळे असतील.

तर असा नियम घेऊन मी २०१५ साली लंडनमधल्या एका मोठ्या हॉटेलात शिरले. पीएचडीचं दुसरं वर्ष. परिषदेच्या आयोजकांनी वक्त्यांची सोय तिथे केली होती आणि एका आजारी वक्त्याच्या जागी ऐन वेळी माझी वर्णी लागली होती. खोलीचे पैसे भरलेले होते. रिसेप्शनवरच्या तरुणाने हसून कार्ड मागितलं. कशाला, तर ‘किरकोळ खर्चासाठी’ दीडशे पौंड अडकवून ठेवायचे, जाताना सोडून देऊ. माझ्या खात्यात त्या दिवशी नव्वद पौंड होते. मशीनने नकार दिला. त्याने पुन्हा लावून पाहिलं. मग तो, फारसा आवाज न चढवता पण न उतरवताही, म्हणाला की दुसरं कार्ड असेल तर चालेल. दुसरं कार्ड म्हणजे माझं वाचनालयाचं. मागे माझे गाइड उभे होते. त्यांनी एक शब्दही न बोलता माझ्या खांद्यावरून आपलं कार्ड पुढे केलं. ते भले गृहस्थ, पुन्हा कधी विषयही काढला नाही. पण त्या तीन दिवसांत मी मिनीबारमधल्या पाण्याच्या बाटलीला हात लावला नाही, कारण ती गाइडच्या खात्यावर गेली असती. संगमरवरी न्हाणीघरातल्या नळाचं पाणी दात घासायच्या पेल्यातून प्यायले. ‘किरकोळ’ या शब्दाची मला तेव्हापासून जरा भीतीच वाटते.

दुसरी फजिती २०१८ ची. पीएचडी झाल्यावर लॅबमधल्या मंडळींनी वर्गणी काढून एका गढीवजा ग्रामीण हॉटेलातल्या एका रात्रीचं व्हाउचर दिलं. अशी हॉटेलं इथे पुष्कळ आहेत : जुन्या सरदाराचं घर, हिरवळीवर मोर, भिंतींवर कोणाच्या तरी पूर्वजांची तैलचित्रं. मी माझ्या नागपूरच्या दंतवैद्य मैत्रिणीला घेऊन गेले. खोलीच्या मधोमध, पलंगापासून चार पावलांवर, तांब्याचा टब. आडोसा नाही, शॉवर नाही. तांब्याचा टब पाहून मैत्रीण म्हणाली, “बाप रे, एवढा बंब! आता तांब्याही कुठे तरी असेल.” तो नव्हता. शेवटी कॉफीच्या मगाने आम्ही आळीपाळीने अंघोळी केल्या. एक जण टबात असताना दुसरीने खिडकीतून मोर बघायचे.

अंघोळीचं जाऊ द्या. खरी अडचण चहाची. साठ पौंडांच्या बी-अँड-बीमध्येही किटली, दोन कप आणि चहाच्या पुड्या असतात. ही या देशाची उत्तम परंपरा आहे. मात्र हॉटेल फारच वर गेलं की काही ठिकाणी किटली नाहीशी होते, कारण साहेबलोक चहा स्वतः करत नाहीत, मागवतात. आम्ही मागवला. रात्री एकदा, पहाटे एकदा, आठला एकदा. नागपूर आणि डोंबिवलीची माणसं, याहून कमी शक्य नव्हतं. प्रत्येक वेळी चांदीच्या तबकात चहा आणि एक बिस्किट. व्हाउचरमध्ये चहा नव्हता. निघताना बिलात चहाचे पैसे, तो खोलीपर्यंत आणण्याचे पैसे आणि त्या सगळ्यावर सेवाशुल्क. सेवाशुल्क ऐच्छिक आहे असंही लिहिलं होतं. ते काढून टाका म्हणण्याची हिंमत तुम्हाला झाली असती का? खरं सांगा. आम्ही दोघी मान खाली घालून पैसे देऊन आलो.

मात्र पैसे गेल्याचं दुःख आठवडाभर टिकलं, त्यापेक्षा जास्त टिकली ती त्या माणसांची बोलण्याची तऱ्हा. उशी कोणती, जिन कोणती, वर्तमानपत्र कोणतं, असं काहीही विचारताना समोरचा माणूस आपलं उत्तर बरोबर येतं का ते पाहतोय असं वाटायचं. तोंडाने ‘संकोच करू नका’ आणि नजरेने ‘करायलाच हवा’. रात्रभर तोंडी परीक्षा दिल्यासारखं वाटत होतं, आणि मी तर नुकतीच एक देऊन आले होते.

म्हणून २०१९ च्या जानेवारीत पोस्टडॉकच्या चौथ्या पगारातून एडिंबरच्या बालमोरलमध्ये एका रात्रीची खोली घेतली, तेव्हा मी स्वतःलाच वेड्यात काढत होते. जानेवारीत स्कॉटलंडला कोणी शहाणा जात नाही, त्यामुळे दर उतरलेले असतात. ही इमारत १९०२ मध्ये उघडली ती रेल्वेचं हॉटेल म्हणून, वेव्हर्ली स्थानकाच्या अगदी डोक्यावर. तिच्या मनोऱ्यावरचं घड्याळ मुद्दाम तीन मिनिटं पुढे ठेवतात, गाडी पकडणाऱ्यांची धांदल वाचावी म्हणून. वर्षातून एकदा, ३१ डिसेंबरच्या रात्री, नववर्षासाठी ते बरोबर वेळेवर आणतात. एका अख्ख्या शहराला इतकी वर्षं प्रेमाने फसवणारं हे घड्याळ मला फार आवडलं.

एकटीने त्या जेवणाच्या दालनात बसायचा मला धीर नव्हता, आणि खरं तर ऐपतही नव्हती. मी लीड्सहून डब्यात धपाटी, शेंगदाण्याची चटणी आणि दही आणलं होतं. संध्याकाळी सातला पलंगावर वर्तमानपत्र पसरलं, डबा उघडला, आणि दारावर टकटक. अंथरूण नीट करून द्यायला एक तरुण मुलगा आला होता. संध्याकाळी अशी फेरी असते हे मला ठाऊकच नव्हतं. लसणाचा वास पार पॅसेजपर्यंत गेलेला. मी डबा पांघरुणाखाली ढकलला. होय, ढकलला. पीएचडी झालेल्या बाईने. तो ‘नंतर येतो’ म्हणून गेला. मला वाटलं, झालं, आता तक्रार. पाच मिनिटांनी तो पुन्हा आला तो हातात एक गरम केलेली मोठी ताटली, काटा-चमचा, कापडी रुमाल आणि पाण्याचा जग घेऊन. सगळं टेबलावर मांडलं, खुर्ची खिडकीकडे वळवली. “इथून किल्ला दिसतो, अंधार पडला की दिवे लागतात,” एवढंच बोलला आणि गेला. मी टेबलावर बसून, रुमाल मांडीवर घेऊन, एडिंबरच्या किल्ल्याकडे बघत धपाटी खाल्ली. त्याचे पैसे बिलात नव्हते. मी नीट तपासलं.

आता चौथी गोष्ट. ही मी बाबांना विचारून लिहिते आहे. “लिही, पण माझं नाव नको,” म्हणाले. मग थोड्या वेळाने, “विद्यापीठाचं घाल मात्र.”

तर बाबा मुंबई विद्यापीठात, फोर्टच्या आवारात, तेहतीस वर्षं लिपिक होते. डोंबिवलीहून व्ही.टी., तिथून पायी. खिडकीबाहेर राजाबाई टॉवर. तिथून पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर, गेटवेसमोर, जमशेटजी टाटांनी १९०३ साली उघडलेलं ताजमहाल हॉटेल. पाहुणे आले की बाबा त्यांना तिथे घेऊन जायचे, पाठ करून उभं करायचे आणि फोटो काढायचे. तेहतीस वर्षांत ते एकदाही आत गेले नाहीत. कोणी अडवलं असतं असं नाही. विचारलं तर म्हणायचे, “आत आपलं काय काम?”

२०२३ मध्ये आई-बाबा तीन महिने माझ्याकडे लीड्सला होते. सप्टेंबरात हीथ्रोहून त्यांचं परतीचं विमान. मी ठरवलं की शेवटच्या दोन रात्री त्यांना लंडनला सेंट पँक्रास स्थानकातल्या हॉटेलात ठेवायचं. आपल्यापैकी ज्यांनी आई-वडिलांना इथे आणलंय त्यांना ती शेवटच्या आठवड्यातली घाई माहीत असेल. बारा आठवडे आपण ऑफिसला गेलेलो असतो, ते खिडकीतून पाऊस बघत बसलेले असतात. मग अचानक सगळं भरून काढायचं असतं. दोन खोल्या परवडणार नव्हत्या. एक त्यांच्यासाठी घेतली आणि मी स्वतः कॅम्डनला मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपायचं ठरवलं. दोन रात्रींचे साडेसहाशे पौंड. बाबांनी विचारलंच. मी “ऑफर होती” म्हटलं. पण पौंड तेव्हा शंभर रुपयांच्या आसपास होता आणि शंभराने गुणायला बाबांना कागद लागत नाही. गाडीत पीटरबरोपर्यंत ते गप्प होते.

सामान बांधताना आईची मोठी बॅग मीच उपसली होती. विमानाच्या दोन बॅगा स्थानकावर ठेवायला द्यायच्या आणि हॉटेलात छोटी पिशवी न्यायची, असा बेत होता. “तिथे सगळं असतं गं, टॉवेल, साबण, चपला, सगळं. काही नको घेऊस.” आई काहीतरी घडी घातलेलं पिशवीत ठेवत होती आणि मी ते काढून मोठ्या बॅगेत टाकलं होतं. काय होतं ते मी पाहिलंही नाही.

लीड्सची गाडी किंग्ज क्रॉसला येते. बाहेर पडलं की शेजारीच सेंट पँक्रास. लाल विटांचा तो प्रचंड डोलारा, कमानी, सुळके, घड्याळाचा मनोरा. बाबा रस्ता ओलांडायचं विसरून उभे राहिले. “अगं, हे व्ही.टी. आहे,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “नाही, आमचा टॉवर आहे.”

दोन्ही बरोबर आहे, आणि दुसरं तर शब्दशः. सेंट पँक्रासचं हे हॉटेल बांधलं सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी. मिडलंड रेल्वेने ते १८७३ मध्ये ‘मिडलंड ग्रँड’ या नावाने उघडलं. त्याच काळात हेच स्कॉट मुंबई विद्यापीठाचं पदवीदान सभागृह आणि ग्रंथालयासह राजाबाई टॉवर यांचे आराखडे करत होते. सभागृह १८७४ ला पूर्ण झालं, टॉवर १८७८ ला. पैसे प्रेमचंद रायचंद यांचे, नाव त्यांच्या आईचं. स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत. लंडनमध्ये बसून कागदावर आखलं आणि पाठवून दिलं. व्ही.टी. त्यानंतरचं, फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचं, पण सेंट पँक्रासशी त्याचं साम्य सगळ्यांच्याच डोळ्यांत भरतं. बाबांना स्कॉटचं नाव ठाऊक होतं. विद्यापीठाच्या कुठल्याशा पुस्तिकेची मुद्रितं त्यांनीच तपासली होती.

पुढे जे झालं ते मी कधी विसरणार नाही. ज्या माणसाने ताजची पायरी चढली नव्हती, तो माणूस हॉटेलच्या दारावरच्या उंच टोपीवाल्याजवळ गेला आणि आपल्या सावकाश, कार्यालयीन इंग्रजीत म्हणाला, “सर, तुमच्या आर्किटेक्टने माझं ऑफिस बांधलं आहे.” त्या माणसाने चक्क टोपी काढली. मग दोघांचं दहा मिनिटं बोलणं. आम्ही दोघी पिशव्या धरून उभ्या. आत गेल्यावर बाबा कोणाच्याही परवानगीशिवाय खांबांना हात लावून बघत होते, कमानींचे दगड मोजत होते. तो प्रसिद्ध दुहेरी जिना, लाल भिंती, वर ताऱ्यांनी रंगवलेलं छत. स्पाइस गर्ल्सनी १९९६ मध्ये आपल्या पहिल्या गाण्याचं चित्रीकरण इथेच केलं, हे मी सांगितलं, त्यात मात्र त्यांना रस नव्हता. त्यांची खोली मागच्या नव्या भागात होती, जुन्या भागातल्या खोल्यांचे दर विचारायचीही सोय नव्हती. पण खोलीकडे जाता-येता जिना आपलाच.

रात्री स्थानकात जेवलो. बाबा खुशीत होते आणि मला चढलं होतं, म्हणजे वाइन नव्हे, माहिती. मी त्यांना या हॉटेलच्या ऱ्हासाची गोष्ट सांगायला लागले. सुमारे तीनशे खोल्या होत्या, पण न्हाणीघरं बोटांवर मोजण्याइतकी. १८७३ मध्ये कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. श्रीमंत माणूस झाला तरी त्याच्यासाठी खोलीतच टब आणायचा, गरम पाण्याच्या बादल्या वर वाहायच्या, पलंगाखाली भांडं ठेवायचं आणि सकाळी मोलकरणीने ते उचलायचं. मग १८८९ मध्ये सव्हॉय उघडलं. विजेचे दिवे, लिफ्ट आणि मुबलक न्हाणीघरं. गिऱ्हाइकं तिकडे वळली. इथे नळ-मोऱ्या नव्याने घालाव्यात तर आग लागू नये म्हणून जमिनी इतक्या जाड केलेल्या की त्या फोडणं अवघड. शेवटी १९३५ मध्ये हॉटेल बंदच झालं आणि रेल्वेची कार्यालयं आली. साठच्या दशकात ते पाडायचं घाटत होतं. जॉन बेट्जमन यांच्यासारखी माणसं हट्टाला पेटली म्हणून १९६७ मध्ये त्याला पहिल्या श्रेणीचं संरक्षण मिळालं आणि २०११ मध्ये हॉटेल पुन्हा सुरू झालं.

“म्हणजे बघा,” मी म्हणाले, “एवढा राजवाडा आणि रात्री भांडी घेऊन मोलकरणी जिने उतरतायत!” आणि मी खो खो हसले. आई हसली नाही. बाबांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला. मला वाटलं, दमले असतील. त्यांना खोलीवर सोडलं आणि कॅम्डनला गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही उशिरा निघालो. आई जरा गप्प वाटली. स्थानकात बेट्जमनचा पुतळा आहे, एका हाताने हॅट सावरत छताकडे बघणारा. बाबांनी त्याच्या शेजारी तशीच मान वर करून फोटो काढून घेतला. तो आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये लावलेला आहे. तिसऱ्या दिवशी विमान. या सगळ्या सहलीचं मी वर्षभर कौतुक करत होते. मित्रमैत्रिणींना टोपीवाल्याची गोष्ट रंगवून सांगत होते.

पुढच्या वर्षी, २०२४ च्या दिवाळीत, मी फोनवर म्हटलं की पुन्हा या, या वेळी एडिंबरला जाऊ, त्या घड्याळाच्या हॉटेलात. बाबा “बघू” म्हणाले. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही “बघू”. आमच्याकडे दोनदा ‘बघू’ म्हणजे नाही. मी चिडले. पैशांचं काय ते मला बघू द्या, असं बरंच बोलले. त्या रात्री आईने एकटीने फोन केला. गॅलरीत येऊन, दार लावून.

बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं ते मला माहीत होतं. त्यानंतर रात्री कधी कधी कळत नाही, हे माहीत नव्हतं. लीड्सला तीन महिने पलंगावर चादरीखाली मेणकापड होतं. माझ्या घरात. मला पत्ता नाही. पिशवीतून मी काढून टाकलेली घडी त्याचीच होती. “तू म्हणालीस ना, तिथे सगळं असतं,” आई म्हणाली. तिच्या आवाजात अजिबात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

पहिल्याच रात्री झालं. पहाटे चारला. चादर, खालचं अस्तर आणि गादीही. बाबा न्हाणीघरात जाऊन बसले ते बाहेरच येईनात. आईने चादर काढून टबात धुतली, पिळली आणि टॉवेलच्या गरम दांडीवर वाळत घातली. मग केस वाळवायचं यंत्र घेऊन गादी सुकवायला बसली. गुडघ्यांवर, दोन तास. दाराबाहेर पाटी अडकवली होती, पण घाईत उलटी. ‘त्रास देऊ नका’ऐवजी ‘खोली आवरा’. नऊच्या सुमारास दार वाजलं आणि एक बाई आत आल्या. आईच्या वयाच्या, ठेंगण्या. कुठल्या देशाच्या, ते आईला सांगता येईना. “आपल्याकडच्या नव्हत्या, पण गोऱ्याही नव्हत्या.” त्यांनी यंत्र बघितलं, दांडीवरची चादर बघितली. आई ‘सॉरी, सॉरी’ म्हणत उठायला गेली तर गुडघा धरला होता. त्या बाईंनी यंत्र हातातून काढून घेतलं, बंद केलं आणि आईला दोन्ही हातांनी धरून उभं केलं. “काही तरी बोलली ती. मला सगळं नाही कळलं. ‘माय हजबंड’ एवढं कळलं.”

मग त्यांनी आईला खुणेने सांगितलं, जा, फिरून या. न्हाणीघराच्या बंद दाराकडे पाहून त्या मुद्दाम बाहेर जाऊन उभ्या राहिल्या, बाबा निघून जाईपर्यंत पाठ फिरवून गाडीवरचे टॉवेल लावत. संध्याकाळी परत आले तेव्हा गादी बदललेली होती. चादरीखाली मऊ, जलरोधक अस्तर. कपाटात दोन जादा चादरी, खुर्चीवर टॉवेलांची चळत, आणि न्हाणीघरातला आरशाखालचा छोटा दिवा चालू ठेवलेला. चिठ्ठी वगैरे काही नाही. बिलातही काही नाही. ते बिल मीच भरलं होतं, दोन कॉफ्या सोडून त्यात काही नव्हतं.

“त्या रात्री काहीच झालं नाही,” आई म्हणाली. “शांत झोपले अगदी.”

निघताना आईने अंथरुणाच्या घड्या घातल्या. उशीवर दहा पौंडांची नोट, हळदकुंकवाच्या पुड्या आणि एक खण ठेवला. लीड्सला माझ्या शेजारणीला द्यायला आणला होता, ती नेमकी तेव्हा सुट्टीवर होती. “तिला कळलं असेल का गं, ओटी म्हणून?” मी म्हटलं, कळलं असेल. मला काहीच कल्पना नाही. हळदीकुंकवाच्या पुड्या उघडून त्या बाईंनी काय समजूत करून घेतली असेल, कोण जाणे.

त्यानंतर दोन-तीन वेळा मी हॉटेलला पत्र लिहायला बसले. खोलीचा क्रमांक, तारखा, सगळं माझ्या ईमेलमध्ये आहे. पण लिहायचं काय? सांगायचं तर बाबांचं सांगावं लागतं. आणि त्या बाईंनी ही गोष्ट वर कोणाला कळवली नसेल, गादी कुठल्या तरी दुसऱ्या कारणाने बदलून घेतली असेल, तर माझ्या आभारांनी त्यांचीच पंचाईत. मसुदा तसाच पडून आहे. तुमच्यापैकी कोणी अशा हॉटेलात काम करत असाल तर मला सांगा, असं पत्र लिहावं की लिहू नये.

बाबांशी मी या विषयावर सरळ बोलले ते फार पुढे, आणि जेमतेम दोन वाक्यं. मी म्हटलं, “मला सांगायचं होतंत.” ते म्हणाले, “तू त्या भांड्यांवर हसत होतीस.” मग दोघंही गप्प. मग त्यांनीच विचारलं, “आणि ते एडिंबरचं? किती दिवस आधी काढावं लागतं?”

येत्या मे महिन्याची दोन तिकिटं काढली आहेत. लीड्सच्या घरी मी एक चांगलं गादीचं अस्तर आणून घातलंय, माझ्याही पलंगावर घातलंय, म्हणजे त्यांचं वेगळं दिसायला नको. एडिंबरला या वेळी दोन खोल्या, लागून. आईने पिशवीची यादी पाठवली आहे, तिच्यात मेणकापड सगळ्यांत वर आहे आणि पुढे लिहिलंय, ‘हे मी भरणार, तू हात लावू नकोस.’ बाबांचा कालच फोन आला होता. ते घड्याळ तीन मिनिटं पुढे आहे, हे रेल्वेच्या लोकांनाही माहीत असेल, मग त्यांनी गाड्या तीन मिनिटं उशिरा सोडायला सुरुवात केली तर काय, असं ते विचारत होते.